पापाचं कीर्तन

देवाशी घरात मराठीतच बोलायचं, हे मी लग्न होऊन या गावात आले त्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. बाहेर सगळं तेलुगूत. बसची पाटी तेलुगूत, रेशनचं कार्ड तेलुगूत आणि आदिलाबादच्या चर्चमधली रविवारची मिस्साही तेलुगूत. नवऱ्याला त्याचं काही वाटत नाही. तो याच सरहद्दीवर वाढलेला, गुरांच्या दवाखान्यात नोकरीला. म्हशीशी मराठी, डॉक्टरांशी तेलुगू, औषधवाल्याशी हिंदी असा त्याचा दिवस जातो. मी जालन्याकडची. आमच्या गावी फादर महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार माझे वडील प्रार्थना चालवायचे आणि आम्हा पोरांना धर्मशिक्षण द्यायचे. त्यांच्या तोंडून ऐकलेला देव मराठी होता. तोच मला पुढे द्यायचा होता, भाषांतर करून नव्हे.

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगितलेलं बरं. नाकावर राग म्हणतात तसा. माहेरी तो चालून गेला, सासरी नवऱ्याच्या थंडपणानं झाकला गेला, आणि मुलगी झाल्यावर त्याला हक्काचं काम मिळालं.

करोनात शाळा बंद पडल्या तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. फोनवरची शाळा आमच्या गावात रेंज मिळेल तेव्हा आणि मिळेल तेवढीच. माझं डी.एड. झालेलं, पण तेलुगू वाचता येत नाही म्हणून इथं नोकरी लागली नव्हती. म्हटलं, आपला हात जगन्नाथ. दोन वर्षं आमच्या स्वयंपाकघरात शाळा भरली. ज्वारीच्या दाण्यांवर बेरीज-वजाबाकी, भिंतीवर खडूनं बाराखडी आणि शेवटचा तास धर्मशिक्षणाचा. घरमालकीणबाई दारात बसून कापसातली किडकी कवडी निवडता निवडता ऐकायच्या. त्यांनीच मला मास्तरीणबाई करून टाकलं, आणि ते नाव गावभर झालं.

पुढे शाळा उघडल्या. मुलगी मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, शाळेत जायला लागली, वर्षभरात तेलुगू भराभर वाचायला लागली, बसची पाटी मला वाचून दाखवायला लागली. पण शेवटचा तास घरीच राहिला. चर्चमधला मुलांचा वर्ग तेलुगूत असतो आणि बसच्या वेळेशी जमत नाही, असं मी सगळ्यांना सांगायची. पहिलं कारण खरं होतं, दुसरं सांगण्यापुरतं.

रोज सात वाजता चटई अंथरायची. कपाटावर मरियेची तसबीर, तिच्यापुढे निर्मल गावची रंगीत लाकडी डबी, डबीत वडिलांची जपमाळ. प्रभुप्रार्थना, दहा आज्ञा, मग पन्नास मण्यांची जपमाळ. नियम एकच कडक होता: जांभई दिली की पुन्हा पहिल्या मण्यापासून. ही माझ्या वडिलांची पद्धत. आम्हा भावंडांना त्यानं जांभई गिळायची कला आली. भक्ती किती आली ते आता कोण सांगणार. मुलीला मात्र जांभई गिळता येत नसे. चाळिसाव्या मण्याला तोंड उघडायचं, आणि मी माळ गोळा करून पहिला मणी तिच्या हातात द्यायची. नवरा डोळे मिटून बसलेला असायचा, पण त्याच्या कपाळाला आठ्या पडलेल्या दिसायच्या.

"तू काऊन येवढी तापून राह्यली? पोरगी हाय, शिपाई नाही," तो नंतर हळूच म्हणायचा.

"माझे वडील असेच शिकवायचे," मी म्हणायची, आणि विषय संपायचा.

मागच्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला. तीन आठवडे अंथरुणावर होते. नवरा भाकरी थापायला शिकला, म्हणजे नकाशे काढायला शिकला. घरमालकीणबाई पेज आणून द्यायच्या. मुलगी शाळेतून आली की दप्तर पाठीवरच ठेवून माझ्या पायाशी येऊन बसायची. दर थोड्या वेळानं माझ्या कपाळावर हात ठेवून बघायची, आणि ताप असला की हात झटकन मागं घ्यायची. मला वाटलं, किती माया. माया होतीच, पण तेवढीच नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. त्या तीन आठवड्यांत घरात जपमाळ झाली नाही. उठून बसता यायला लागल्यावर मी ती भरून काढली.

नाताळच्या आधीच्या रविवारी मुलीचं प्रथम ख्रिस्तशरीर ठरलं. आमच्यात मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की पहिल्यांदा मिस्सेत ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकर, घेतं. त्याच्या आदल्या दिवशी फादरजवळ बसून आपली पापं सांगायची. आमच्याकडं त्याला पापनिवेदन म्हणतात. इकडं तेलुगूत त्यालाच पाप संकीर्तनम् म्हणतात. अकरा वर्षं हा शब्द माझ्या कानावरून जात होता, आणि तो मी कधी नीट ऐकलाच नव्हता.

फादर केरळचे, तेलुगू शिकून आलेले. त्यांनी मुलांसाठी एक छापील कागद दिला, अर्थात तेलुगूत. मी तो हातात धरून म्हटलं की माझी मुलगी सगळं मराठीत शिकली आहे, धर्मशिक्षणाची परीक्षाही मराठीतच देईल आणि पापंही मराठीतच सांगेल. फादर शांतपणे हिंदीत म्हणाले, "टीचर, भगवान को मराठी आता है. मेरे को नहीं आता."

मागं उभ्या असलेल्या बायका हसल्या. माझे कान तापले. मी नवऱ्याला बाहेर येऊन म्हटलं की हे आपल्या भाषेची थट्टा करतात. तो म्हणाला, थट्टा नाही, त्यांनी आपली अडचण सांगितली.  परतीच्या बसमध्ये मुलगी खिडकीशी बसून तो कागद वाचत होती.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते तेव्हा ती दारात येऊन म्हणाली, "आई, संकीर्तन म्हणजे काय?"

"कीर्तन गं. कीर्तन आणि संकीर्तन एकच. संस्कृत शब्द आहे," मी म्हटलं. तव्यावरची भाकरी फुगत होती, आणि मुलीनं शब्दाचा अर्थ विचारला याचा मला आनंदच झाला होता. कुठं वाचलास, काऊन विचारतेस, एवढं विचारलं असतं तर ही सगळी गोष्टच घडली नसती.

"आणि ते सगळ्यांसमोर असतं?"

"मग? कीर्तन काय कोणी एकट्यानं घरात बसून करतं?"

ती निघून गेली.

मार्गशीर्षात गावात सप्ताह बसतो. घरमालकीणबाई, मुलीच्या मावशी, तिला रोज रात्री जपमाळ झाल्यावर कीर्तनाला न्यायच्या. मी आधी कुरकुर केली; नवरा म्हणाला, ऐकल्यानं कान झडत नाहीत. मुलीला तिथलं सगळं आवडायचं: टाळ, मृदंग, शेवटचा खिचडीचा प्रसाद. त्या वर्षीचे बुवा मोठे फटकळ होते म्हणे. मधोमध उभं राहून गावातल्या लोकांची पापं काढायचे. शेजाऱ्याचा बांध कोरणारा, कापसात पाणी मारणारा, सासूला उपाशी ठेवणारी, एकेक करून. ज्यांचं पाप निघायचं ते खाली मान घालायचे आणि बाकीचं गाव हसायचं. मुलगी घरी येऊन मला हे सांगायची, आणि सांगता सांगता तिचा चेहरा गंभीर व्हायचा. मी म्हटलं, असू दे, चार चांगल्या गोष्टी कळतात.

सप्ताह संपला, आणि पुढच्याच दिवशी ती म्हणाली, "मी त्या रविवारी नाही येणार."

मला आधी कळलंच नाही. आदिलाबादहून पांढरं सॅटिन आणून फ्रॉक शिवून ठेवला होता. जालन्याला फोन गेला होता. भावानं बसचं तिकीट काढलं होतं. मी विचारलं, का? ती गप्प. गोडीनं विचारलं, गप्प. फ्रॉक आवडला नाही का? आवडला. पोटात दुखतं का? नाही. वर्गात कोणी काही बोललं का? नाही. ताकास तूर लागू देईना.

त्या आठवड्यात मी किती घाबरले होते ते मला अजून आठवतं. मला ख्रिस्तशरीराची काळजी नव्हती, ते पुढच्या वर्षीही घेता आलं असतं. फादरही म्हणाले, घाई नको. मला भीती वेगळीच होती. इतकी वर्षं रोज सात वाजता चटईवर बसून मी जे तिच्या आत उभं केलं असं मला वाटत होतं, ते तिथं नव्हतंच की काय? माझ्या वडिलांची नात देवाला नको म्हणते, आणि का ते सांगतही नाही. चूक तिची की माझी, हे स्वतःशी बोलायचंही मला धाडस नव्हतं. म्हणून मी तिच्यावर चिडत राहिले.

गुरुवारी संध्याकाळी जपमाळ चालू असताना मी मध्येच थांबून म्हटलं, "देवासमोर सांग, का येत नाहीस?" तिनं नाही म्हणून मान हलवली, आणि माझा हात उठला. चापट गालावर बसली तिच्या.

घरमालकीणबाई कधीकधी आमच्या जपमाळेला येऊन बसायच्या. त्या दिवशी होत्या. त्या उठल्या, मुलीला ओढून स्वतःच्या पदराखाली घेतलं आणि मला म्हणाल्या, "काऊन वो मास्तरीनबाई, देवाचं नाव घेता घेता पोरीले मारता? तुमचा देव मारकुटा हाय का?"

 त्यांनी तिला आपल्या घरी नेऊन जेवू घातलं. नवरा माळ उचलून डबीत ठेवून बाहेर गेला. मी चटईवर बसून राहिले. देव मारकुटा नाही हे मला माहीत होतं. पण मुलीला ते कुठून माहीत असणार?

शनिवारी सकाळी मी फादरांचा तो कागद शोधत होते. मुलगी येणार नसेल तर परत देऊन टाकावा म्हणून. तिच्या दप्तरात तो एका वहीत घडी करून ठेवलेला सापडला. कागदावर एका ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारलेली होती, आणि शेजारच्या पानावर मराठीत काहीतरी लिहिलं होतं. मराठी तिला मी शिकवलेली, पण अक्षरं तेलुगूच्या वळणानं गोल गोल झालेली. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: पाप संकीर्तन. खाली ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीपुढे दोन दंड घालून आकडा.

डब्यातला गूळ, खाल्ला मी दोनदा ॥१॥
मावशीच्या वासराची, ओढली शेपूट ॥२॥
गणिताच्या सरांना, म्हटलं मी बोकड ॥३॥
पोरगी म्हणे देवा, चुकले चुकले ॥धृ॥

मी मोठ्यानं हसले. बोकडावर तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. माझ्या मुलीनं आपल्या पापांचा अभंग रचला होता. बुवांसारखं मधोमध उभं राहून, टाळ वाजत असताना, सगळ्या चर्चसमोर तो गायचा आहे असं तिला वाटत होतं. कीर्तन काय कोणी एकट्यानं करतं, असं तिच्या आईनंच तिला सांगितलं होतं.

मग मी पान उलटलं. मागं चौथी ओळ होती, तीनदा खोडलेली. ती गाण्यात बसत नव्हती, म्हणून शेवटी तिनं साधंच लिहिलं होतं: "जपमाळ नको म्हणून मी देवाला म्हटलं आईला आजारी कर. देवानं ऐकलं. हे आईसमोर गाता येणार नाही."

माझं हसू तिथंच राहिलं. मी वही मिटली. पुन्हा उघडली. तारीख नव्हती, पण तारखेची गरजही नव्हती. पायाशी बसलेली ती, पाठीवर दप्तर, कपाळावरचा हात झटकन मागं घेणारी. पाच महिने हे ओझं घेऊन ती रोज सात वाजता माझ्यासमोर चटईवर बसत होती, आणि मी तिच्या जांभया मोजत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

आणखी एक गोष्ट तेव्हाच मनात आली आणि ती मला बोचली. मी इतकी वर्षं प्रार्थना केल्या. त्यातली एकही देवानं ऐकल्याचं मला इतकं पक्कं कधी वाटलं नव्हतं. तिला वाटलं होतं. माझ्यापेक्षा तिची श्रद्धा दांडगी होती, आणि त्या श्रद्धेनंच तिला छळलं होतं.

मी अंगणात गेले. ती घरमालकीणबाईंजवळ बसून कापूस निवडत होती. तिला जवळ घेऊन सांगावंसं वाटलं: वेडाबाई, तो ताप पाण्यानं आला होता, तुझ्यानं नाही. जिभेवर आलं होतं. पण तसं सांगितलं असतं तर तिचं पाप मीच उघड्यावर आणलं असतं, त्या बुवांसारखं. जीभ आवरली. मी नुसतं विचारलं, "पाप संकीर्तनम् कसं असतं, माहीत आहे का तुला?"

"आहे," ती वर न बघता म्हणाली. "उभं राहून म्हणायचं. सगळे बसलेले असतात. मागं टाळ असतात."

"टाळ कोण वाजवतं?"

"मोठ्या मुली असतील."

घरमालकीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी ओठ दाबून धरले. "चूक झाली माझी," मी म्हटलं. "मी तुला चुकीचं शिकवलं. नाव तेवढं कीर्तनाचं, पण त्यात कीर्तन काही नसतं. फादर खुर्चीवर बसतात. आपण त्यांच्या कानाशी जाऊन हळू सांगायचं. बाकीचे लांब असतात. कोणाला ऐकू येत नाही."

तिचे हात थांबले. "मग फादर नंतर सांगतात?"

"नाही. त्यांना कोणालाच सांगता येत नाही."

"पोलिसांनी विचारलं तरी?"

"तरी नाही."

"बाबांना?"

"नाही. तसं बाबा विचारणारच नाहीत."

तिनं हातातलं बोंड फिरवलं. "तुला?"

"मलाही नाही," मी म्हटलं. "मी हट्ट केला तरी नाही."

तिनं ते बोंड टोपलीत टाकलं आणि विचारलं, "बस किती वाजता आहे?"

चर्चमध्ये पाच-सहा मुलं रांगेत होती. वेदीच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर फादर बसलेले. मी मुलीला म्हटलं, आधी मी जाते, तू लांबून बघ, कसं असतं ते. गेले. माझं काय ते मोडक्या हिंदीत सांगितलं. ते इथं लिहिणार नाही; एवढंच की त्यात एक चापट होती, आणि दुसऱ्याची वही वाचणं होतं.

मग ती गेली. मी मागच्या बाकावर बसले. तिनं आधी बोटं मोजली. पहिलं, दुसरं, तिसरं बोट भराभर झालं. चौथ्या बोटापाशी ती थांबली. फादर पुढं झुकले. ती बोलत होती, खूप वेळ बोलत होती, आणि मधूनमधून डोळे पुसत होती. फादर तिला काहीतरी समजावून सांगत होते, मान हलवत, अगदी हळू. त्यांनी एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. भाषेवरून मी त्यांच्याशी भांडले होते. त्या दिवशी त्यांच्या त्या न पाहण्यापुढं मला माझी लाज वाटली.

ती परत आली तेव्हा नाक लाल होतं, पण चाल हलकी होती. माझ्या शेजारी बसून कानात म्हणाली, "मी तेलुगूत सांगितलं."

"बरं केलंस."

"तुला ऐकू आलं असतं तरी कळलं नसतं," ती म्हणाली, आणि पाय हलवायला लागली.

घरी पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. मी म्हटलं, आज राहू दे, थकलीस. पण तिनंच चटई अंथरली. घरमालकीणबाई फ्रॉक बघायला म्हणून आल्या होत्या, त्याही टेकल्या. मुलीनं डबी उघडली, माळ काढली आणि म्हणाली, "आज मी घेऊ? फादरनी सांगितलंय."

मी हो म्हणून मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा मी आमच्या घरच्या जपमाळेत नुसती ऐकायला बसले. ती भराभर म्हणत नव्हती, रेंगाळतही नव्हती. दिवसभराचा शीण, बसचे धक्के. पस्तिसाव्या का छत्तिसाव्या मण्याला मलाच जांभई आली. चांगली मोठी, आवाजासकट. नवऱ्यानं एक डोळा उघडला. मुलगी थांबली. मी हात पुढं केला, माळ गोळा करून पहिला मणी देईल म्हणून. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं, आणि पुढचा मणी धरून पुढं म्हणायला लागली.

माळ संपल्यावर आपापली मागणी म्हणायची असते. नवऱ्यानं नेहमीसारखी गुरांसाठी प्रार्थना केली. मग मुलीची पाळी आली. तिनं डोळे गच्च मिटले.

"देवा, आईला बरं कर," ती म्हणाली.

"काऊन, काय झालं तुमाले?" घरमालकीणबाई दचकून माझ्याकडं वळल्या. "चांगल्या तर हाये."

"आमेन," मी म्हटलं, कोणी आणखी काही विचारायच्या आत, जरा मोठ्यानंच.